चौथा बॉल

आमच्या यांना गॅरेजात सगळे जॅक म्हणतात. गाड्या उचलतात म्हणून नाही, व्हॉलीबॉलमध्ये बॉल उचलून देतात म्हणून. टीमचे लिफ्टर. म्हणजे राबायचं यांनी आणि टाळ्या स्मॅश मारणाऱ्याला. पंधरा वर्षांत पेपरात एकदा फोटो आला, त्यात यांचं फक्त कोपर होतं. तेही मी कापून ठेवलंय.

जिल्ह्याच्या स्पर्धेची फायनल बघायला वीज कंपनीचे साहेब येणार आणि टीममधल्या एकाला कायमची नोकरी देणार असं कळलं, तेव्हा यांना चौतिसावं लागलेलं. आता नाही तर कधीच नाही. गाड्यांखाली झोपून कंबर गेलेली, सकाळी मोजे मी घालून द्यायचे. आदल्या दिवशी बजावलं, उद्या तरी स्वतःचं बघा. हो म्हणाले. यांचं हो मला लग्नापासून माहीत आहे.

शेवटचा सेट, एकच पॉइंट हवा होता. बॉल यांच्या बोटांवर आला आणि समोर कोर्टाच्या मधोमध ही एवढी जागा मोकळी. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी दिसली. तिथे नुसता टाकायचा होता. यांनी उचलून दिला लंबूला. लंबू टीममधला सगळ्यात नवा, लागोपाठ तीन स्मॅश बाहेर घालवून तोंड पाडून उभा. त्याने जीव खाऊन हाणला, बॉल आत पडला. आम्ही जिंकलो आणि महिन्याभरात कंपनीचं पत्र लंबूच्या घरी गेलं.

मी तीन दिवस नुसती भांडी आपटली. मग न राहवून विचारलंच.

"तीन बाहेर गेले होते त्याचे," हे म्हणाले. "चौथा दिला नसता तर पुन्हा उडालाच नसता तो."

"आणि आपलं काय?"

"आपण जिंकलो की."

त्या जिंकण्यात मी कुठे होते? रडू आलं मला, रागाचंच.

याला सहा वर्षं झाली. मी शर्टांच्या कारखान्यात शिवते. मागच्या आठवड्यात सुपरवायझर कोणाला करायचं ते ठरवायला साहेब घड्याळ घेऊन लाइनीमागे उभे होते, कोणाच्या लाइनीचं काम आधी उरकतं ते बघत. शेजारच्या नव्या बाईने तीन कॉलर उलट्या लावल्या. चौथी मी ओढून घेतली असती तर मिनिटाचं काम. हात पुढे केलाही होता. तेवढ्यात तिचं तोंड दिसलं, अगदी लंबूसारखं पडलेलं. कॉलर तिच्याच मशीनवर ठेवली आणि सुलट बाजू बोटाने दाखवली. साहेबांनी घड्याळ बघितलं. बढती पलीकडच्या लाइनीतल्या बाईला गेली.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुमच्या नादाने माझंही वाटोळं झालं. यांनी एवढंच विचारलं, "चौथी सरळ आली?"

"आली."

"मग जिंकलो की आपण."

या खेपेला मी भांडी आपटली नाहीत.