पालथे कागद

ऑफिसात त्याला सगळे किल्लीकाका म्हणत. खिशात किल्ली एकच, सर्व्हरच्या खोलीची. पण कुणी कुठलं फोल्डर उघडायचं आणि कुणाचा कागद कुठल्या प्रिंटरवर निघायचा, हे एकोणीस वर्षं तोच जुळवत आला होता. खरेदीवाल्यांचं खरेदीवाल्यांना, मालखात्याचं मालखात्याला. साहेबांच्या खाजगी फोल्डरच्या यादीत एकच नाव होतं, साहेबांचं. तिथे स्वतःचं नाव घालायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याने ते कधी घातलं नाही, आणि या गोष्टीचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

सर्व्हर आता बाहेरची कंपनी सांभाळणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा एका सोमवारी दुपारी बारा वाजता तो सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेला. हे साहेब नवखे असताना त्यांना प्रिंटर जोडायला यानेच शिकवलं होतं.

"काका, तुम्ही कशाला काळजी करता? तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही," साहेब म्हणाले.

घरी बायको मात्र ऐकेना. तिच्या भावाच्या कारखान्यात अशाच कामाची जागा रिकामी होती आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला अशी जागा पुन्हा कोण देणार?

"अहो, सगळी दारं तुमच्याच हातात आहेत ना? मग एकदा उघडून बघा, साहेबांच्या मनात काय आहे ते."

"कुंपणानेच शेत खायचं का?"

"शेत तरी तुमचं आहे का? दुसऱ्याच्या शेताला कुंपण होऊन तुम्हाला मिळालं काय?"

यावर तो चिडला. शुक्रवारी त्याने मेव्हण्याला नाही म्हणून कळवलं. शनिवारी ती जागा भरली.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा प्रिंटर बिघडला. तो दुरुस्त होऊन येईपर्यंत काकाने साहेबांचे कागद आपल्या खोलीतल्या प्रिंटरकडे वळवले, आणि तसं त्यांना सांगितलंही. साहेबांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता हं म्हटलं, म्हणजे ऐकलं नाही. पण कागद मिळत होते, कारण काका स्वतः नेऊन देत होता. ट्रेमधून निघालेला कागद तो न बघता पालथा करी आणि तसाच टेबलावर ठेवी. दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही, हा त्याचा जुना नेम.

तिसऱ्या दिवशीही त्याने एक कागद असाच नेला. साहेबांनी तो उलटला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा तुमच्याकडे कसा आला?"

"सगळेच येतात, साहेब. सांगितलं होतं मी."

"वाचलात?"

"नाही."

साहेबांनी कागद पुन्हा एकदा वरून खाली पाहिला. मग त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "मग आता वाचा. तुमच्यासाठीच आहे."

तीन ओळी होत्या. महिनाअखेर सेवा समाप्त, आभार, शुभेच्छा. पण काकाची नजर खालच्या बारीक अक्षरांवर गेली. फाइल कुठल्या फोल्डरमधली आणि कधी बनवलेली, हे प्रत्येक पानाच्या तळाशी छापलं जाईल अशी सोय त्यानेच कितीतरी वर्षांपूर्वी करून ठेवली होती, कुठलाही कागद बेवारशी राहू नये म्हणून. फोल्डर साहेबांचं खाजगी होतं, तारीख त्याच सोमवारची. वेळ सकाळी अकरा दहा. तो विचारायला गेला तेव्हा पत्र तयार होऊन पाऊण तास उलटला होता, आणि मेव्हण्याला उत्तर द्यायला चार दिवस शिल्लक होते.

त्याला साहेबांचा राग आला. त्याहून जास्त राग स्वतःच्या नेमाचा आला, कारण त्या नेमापायी हातची जागा गेली, हे घरी जाऊन बायकोला सांगायचं कसं?

पत्र मिळाल्याची सही करून तो दारापर्यंत गेला, तेवढ्यात मागून साहेब म्हणाले, "आणि काका, जायच्या आधी माझ्या खाजगी फोल्डरमधून तुमचं नाव काढून टाका."

"त्यात माझं नाव कधी नव्हतंच, साहेब."

साहेब समजूतदारपणे हसले. "असू द्या हो, मी काही बोललो का? फक्त आठवणीने काढा."