कलावंतांच्या फायलीतलं माझं पान

माझ्यातल्या नटाचा खून मी सातवीत असताना झाला, आणि तो आमच्या मंडळाचे सचिव देशपांडेकाका यांनी केला, असं मी चाळीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो.

भोपाळमधल्या आमच्या शिवाजी नगरच्या गणेशोत्सवातल्या एका नाटकात मी शिपाई होतो. त्यानंतर काकांनी मला पडदा ओढायलासुद्धा बोलावलं नाही! (पुढे गोविंदपुऱ्यात स्वतःचा कारखाना काढला, मालक झालो, पण शिपायाची नोकरी गेल्याचं दुःख गेलं नाही.)

बाबा सरकारी कारकून. इथल्या मराठी कलावंतांची एक जाडजूड फाईल त्यांनी जपली होती. नाटकांच्या कार्यक्रमपत्रिका, गायिकांचे फोटो, एका नटाची खोटी मिशीसुद्धा, टाचणी लावून! यंदा मंडळाला ती प्रदर्शनासाठी हवी होती. काका स्वतः घरी आले. गिऱ्हाईक दारात आलं की मी खुर्चीत मागे रेलतो.

"फाईल देतो. पण माझ्या नाटकाची पत्रिका सगळ्यांत पुढे लागली पाहिजे."

"लावू."

"भिंतीवर नाही. हॉलच्या मधोमध, दोन्हीकडून काच!"

"अरे विनू, मागून काय दाखवायचंय? तुझे बाबा कागदामागे पत्रांच्या कार्बन प्रती चिकटवायचे. एकदा बघून तरी…"

"बघायचं काही नाही! दोन्हीकडून काच, नाहीतर फाईल घरीच!"

"ठीक है भैया. तुझी मर्जी."

सौदा इतक्या लवकर पटला तर एरवी मी सावध होतो. त्या दिवशी फुगलो.

उद्घाटनाला सगळं भोपाळ लोटलं. (म्हणजे आमचं, मराठी.) मी पत्रिकेसमोर उभा राहून गरजलो, "हे बघा माझं नाव! आणि या माणसानं…" पण समोर कुणीच नव्हतं. सगळे काचेच्या मागच्या बाजूला, खुसखुसत. मीही गेलो.

बाबांचं अक्षर.

'विषय : चि. विनायक यास पुन्हा भूमिका न देणेबाबत. महोदय, राजाचा हुकूम ऐकून त्याने फक्त मुजरा करावयाचा होता. त्याने राजाशी घासाघीस केली. अभिनय त्याला जमणार नाही. माझे नाव कृपया गुप्त ठेवावे.'

"त्यांना शब्द दिला होता रे," काका हळूच म्हणाले.

चाळीस वर्षं या माणसाला शिव्या घातल्या! सगळे माझ्याकडे बघत होते. मी खो खो हसलो.

"अरे, हे तर मला पहिल्यापासून माहीत होतं! मुद्दामच लावायला सांगितलं मी!"

बायकोनं माझी बाही ओढली.

"अहो, चला घरी. बाबांचं बरोबर होतं."