लाउंजमधली ओळख

हॉटेलच्या खोलीत शिरलं की आधी पडदे ओढून बघावेत, असं आमचे जावईबापू सांगायचे. दोन पडद्यांच्या मधून उजेडाची चीर आत येत असेल, तर त्या हॉटेलच्या मालकाने स्वतःच्या खोलीत एकदाही झोपून पाहिलेलं नाही, असं खुशाल समजावं. "लॉबीत झुंबर कुणीही टांगतं, मामा. पडदा मिटला पाहिजे." मी जन्मभर पडद्याच्या अलीकडे-पलीकडे वावरलेला माणूस. मला हे लगेच पटलं. पडदा नीट मिटला नाही, तर आत्ताच मेलेला राजा उठून मुकुट सावरताना प्रेक्षकांना दिसतो. हे आमच्या नाटक कंपनीत एकदा नव्हे, दोनदा घडलेलं आहे.

जावईबापू म्हणजे माझ्या भाचीचे, बेबीचे यजमान. बेबी आता त्रेपन्न वर्षांची आहे, पण घरात एकदा पडलेलं नाव काही पुसता येत नाही. जावईबापू बाटल्या भरायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते. औषधाच्या बाटल्या, तेलाच्या, शाम्पूच्या. जगात कुठेही यंत्र अडलं की यांना बोलावणं यायचं. तिकडे कारखाना ठप्प, मालकाच्या तोंडचं पाणी पळालेलं. विमानातून उतरलेला माणूस थेट यंत्रापाशी उभा राहिला पाहिजे, जांभया देत बसून चालणार नाही. म्हणून कंपनी त्यांना बिझनेस क्लासने धाडायची. महिन्यातला निम्म्याहून जास्त काळ ते बाहेरच. माझी बहीण, म्हणजे त्यांची सासू, होती तोवर त्यांना 'पाहुणे' म्हणायची. "आले का पाहुणे? आता मुक्काम किती?" ते म्हणायचे, "आई, तुमच्याकडे खोली रिकामी आहे तोवर." मग दोघंही हसायची. बेबी मात्र त्या हसण्यात कधी सामील झाल्याचं मला आठवत नाही.

या माणसाला हॉटेलचं एवढं वेड का, ते मला त्यांनीच एकदा सांगितलं. दोन खोल्यांत आठ माणसं, असं त्यांचं बालपण गेलं. झोपायला जागा म्हणजे दोन भावांच्या मधली फट. एकाची लाथ पोटात, दुसऱ्याचं कोपर नाकात. नोकरीत पहिल्यांदा परगावी पाठवलं, तेव्हा स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये खोली मिळाली. ढेकूण होते, भिंतीला ओल होती, पण पलंग एकट्याचा होता. "मामा, मी मध्यभागी झोपलो," ते म्हणाले. "दोन्ही हात पसरून. आणि कुणाला लागलं नाही."

तेव्हापासून पलंग रुंद होत गेले आणि मतं वाढत गेली. उशाशी पंधरा बटणं असली, तर ते हॉटेल मूर्खांनी बांधलंय, कारण एक दिवा विझवायला तीनदा उठावं लागतं. सकाळी ऑम्लेट करणाऱ्या माणसाशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्यावी; मॅनेजरशी करून उपयोग नाही. विमानात स्वयंपाकघराशेजारची जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये, तिथे वाट्या-चमचे रात्रभर भांडतात. बिझनेस क्लासमध्ये नवखा माणूस ओळखायचा कसा? तो बसल्याबसल्या सगळी बटणं दाबतो आणि खुर्चीसकट आडवा होऊन हवाई सुंदरीला खालून नमस्कार करतो. काही विमानांत पाय ठेवायची जागा पुढे निमुळती होत जाते, "म्हणजे पाय पाकिटात घालून पोस्टात टाकल्यासारखे." आणि लाउंज? लाउंजची परीक्षा सोफ्यावरून करू नये, तिथल्या बाथरूमवरून करावी. खाण्याच्या टेबलाजवळ बसू नये. मान न वळवता विमानांच्या वेळांचा फलक दिसेल, अशी खुर्ची धरावी. "अलीकडे लाउंजचा पार एसटी स्टँड झालाय," असंही ते हळहळून म्हणायचे. जो उठतो तो बँकेचं कार्ड दाखवून आत.

मी रंगपेटीवर डोकं ठेवून झोपलेला माणूस. आमच्या दौऱ्यांत विंगेतली सतरंजी ज्याला मिळाली, तो राजा. पण मला त्यांची मतं ऐकायला आवडायची. माणूस ज्या गोष्टीवर जीव टाकतो, तिच्याबद्दल बोलताना सुंदर दिसतो.

बेबीला ती मतं सुंदर वाटत नव्हती. साठीला तीन वर्षं उरली असताना कंपनीने त्यांना इथेच, नव्या माणसांना शिकवण्याची जागा देऊ केली. त्यांनी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग एका दुपारी बेबीने मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर विषय काढला.

"मामा, तूच विचार यांना. घरात काय कमी आहे?"

"घरात काही कमी नाही," जावईबापू म्हणाले. "पण एकदा तूही चल. बघ तरी माझं जग कसं आहे ते. मग बोल."

"बरं. येते. एक प्रवास. मला पटलं, तर पुन्हा बदलीचं नाव काढणार नाही, निवृत्तीपर्यंत हवं तिथे उडा. नाही पटलं, तर परत आल्यावर ती शिकवायची जागा घ्यायची. कबूल?"

"कबूल."

"मामा पंच."

"मामांचं तिकीटही काढतो," जावईबापू म्हणाले. "इतकी वर्षं विमान कंपनीकडे साठवलेले फुकट तिकिटांचे मैल काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

अशी आमची वरात निघाली. समुद्राकाठचं एक शहर, चार दिवस, पडदे नक्की मिटतील असं हॉटेल. विमान दुपारचं होतं. जावईबापू पहिल्या प्रयोगाला उभ्या राहिलेल्या नटासारखे अस्वस्थ होते. बेबीची बॅग त्यांनी स्वतः ढकलली. लाउंजमध्ये तिला खिडकीशेजारची खुर्ची दिली, पायाखाली स्टूल सरकवलं, सूप आणून दिलं, वर मिरपूड विचारली.

"घरी कधी पाण्याचा पेला उचलला नाहीत," बेबी म्हणाली, पण आवाज मऊ होता.

"घरी बटण नाही ना बोलवायला."

ती खरंच हसली. खिडकीबाहेर एक मोठं विमान पोट घासत गेल्यासारखं हळू वळत होतं. तिने चपला काढून पाय वर घेतले आणि म्हणाली, "मामा, इथे कुणी काही मागत नाही रे आपल्याकडे. बसून राहावंसं वाटतं." जावईबापूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पंचांनी हे लिहून घ्यावं. मी मनातल्या मनात निकाल लावूनही टाकला होता.

तेवढ्यात काउंटरवरची बाई आमच्याकडे आली. चाळिशीची, नीटनेटकी, गळ्यात ओळखपत्र. चालत नव्हती, जवळजवळ धावत होती.

"सर! अहो, किती घाबरवलंत त्या दिवशी! मधे माझी पाळी बदलली होती, आज परत दिसलात, बरं वाटलं. आता छातीत दुखत नाही ना?"

रंगभूमीवर चुकीच्या विंगेतून माणूस आत आला की क्षणभर सगळे गोठतात. तसंच झालं. जावईबापू उभे राहिले आणि म्हणाले, "हो हो, मस्त. थँक यू." त्यांनी तिला वाटेला लावायचा प्रयत्न केला. पण ती भली बाई बेबीकडे वळली होती.

"मॅडम, तुम्हीच ना? तुमच्याशी फार बोलायचं होतं मला. पण सर म्हणाले, मॅडम परदेशात आहेत, फोन लागत नाही. ॲम्ब्युलन्समध्ये मीच बसले होते सरांबरोबर. हात सोडतच नव्हते."

बेबीने सुपाची वाटी खाली ठेवली. सांडू न देता ठेवली.

"बसा ना तुम्ही," ती त्या बाईला म्हणाली. "कधी झालं हे?"

"गेल्या वर्षी. उन्हाळ्यात. सर त्या तिकडच्या खुर्चीत बसले होते, एकदम घामाघूम झाले. माझी ड्युटी संपली होती, पण... माझे वडील असेच गेले हो, मॅडम, एकटेच. म्हणून मी थांबले. दवाखान्यात चार दिवस ठेवलं होतं ना सर? मी दुसऱ्या दिवशी येऊन गेले, तुम्ही झोपला होतात."

"तुम्ही आला होतात?" जावईबापूंनी विचारलं. त्यांना हे माहीत नव्हतं.

पलीकडून कुणीतरी काउंटरवर घंटी वाजवली. ती बाई उठली. बेबीने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. बाई गेल्यावर ती नवऱ्याकडे न बघता बोलली.

"गेल्या उन्हाळ्यात यंत्राचं काम लांबलंय म्हणाला होतात. चार दिवस."

त्यांनी टेबलावरच्या कागदी रुमालाची घडी घातली.

"मी रोज फोन करत होते. न्हाणीघरातला नळ गळत होता. अर्धा अर्धा तास मी नळाचं सांगत होते. आणि तुम्ही हो हो करत होतात. हातात सुई होती का हो तेव्हा?"

"डाव्या हातात," जावईबापू म्हणाले.

"गोळ्या?"

"चष्म्याच्या डबीत."

"विमानात बसायला परवानगी दिली होती डॉक्टरांनी?"

त्यांनी पाणी प्यायला पेला उचलला, तो रिकामा होता. "बाथरूमला जाऊन येतो," असं म्हणून ते उठले. बेबीने मला डोळ्यांनीच त्यांच्या मागे पाठवलं.

ते बेसिनसमोर उभे होते. शेजारी गुंडाळलेले पांढरे टॉवेल, सुगंधी साबण, सगळं त्यांच्या कसोटीला उतरेल असं. नळ सोडलेला, पण हात कोरडे.

"मामा, मला वाटलं, ती विसरली असेल," ते आरशातल्या मला म्हणाले. "त्यांच्याकडे रोज शेकडो माणसं येतात. 'वेलकम बॅक, सर', 'प्रवास कसा झाला, सर'. ते सगळ्यांनाच विचारतात हो. तो त्यांचा धंदा आहे. हे कुणी खरंच लक्षात ठेवतं, हे... नाहीतर मी बेबीला या लाउंजमध्ये आणलं असतं का?"

"घरी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर ती रडली असती. मग आमचा मुलगा धावत आला असता. मग मी आजारी. इथे कसं, ॲम्ब्युलन्स आली, डॉक्टर आले, सगळं झटपट. कुणी रडलं नाही." त्यांनी नळ बंद केला. "आणि मला वाटलं, मामा, आठ माणसांत झोपून उठलोय, एकट्याने जायला जमेल."

मला नाटकातली वाक्यं हजारोंनी पाठ आहेत. त्या क्षणी कामाचं एकही आठवलं नाही. मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सदरा घामाने चिकटला होता.

आम्ही बाहेर आलो, तेव्हा बोर्डिंग सुरू झाल्याची घोषणा चालू होती. बेबीने चपला घातल्या होत्या. ती काउंटरपाशी उभी राहून त्याच बाईशी बोलत होती. "आमच्या तिघांच्या बॅगा विमानातून उतरवून घेता येतील का? थोडा त्रास आहे तुम्हाला, पण..."

"अगं, असं कसं," जावईबापू म्हणाले. "हॉटेल बुक आहे. मामा आलेत. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"चार दिवस मागेच झालेत आपले," बेबी म्हणाली.

तिथे शांतता आहे म्हणून लोक येतात. हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जातं. दोन-तीन माणसांनी वर्तमानपत्रं खाली केली. जावईबापू त्यांच्याकडे बघून ओशाळं हसले, आपली बॅग उचलली आणि दाराकडे निघाले. उजवीकडे विमानाकडे जायचा दरवाजा, डावीकडे बाहेरची वाट. ते थांबले. मला वाटलं, हा माणूस उजवीकडे वळणार. इतक्या वर्षांची सवय. बेबीने हाक मारली नाही. ती काउंटरवर बॅगांच्या चिठ्ठ्या काढून देत राहिली. शेवटी ते बॅग खाली ठेवून तिथेच भिंतीला टेकले, आणि आमचं विमान आमच्याशिवाय जाईपर्यंत तसेच उभे राहिले.

आम्ही टॅक्सीने घरी परतलो. माझा निकाल कुणी विचारला नाही.

त्याच आठवड्यात दवाखाना झाला. एका रक्तवाहिनीत जाळी बसवली. जावईबापूंनी शिकवण्याची जागा घेतली. आता सकाळी डबा घेऊन जातात, नवीन माणसांना यंत्राचे भाग उघडून दाखवतात, संध्याकाळी घरामागच्या रस्त्यावर फिरतात. मी अधूनमधून जातो. हॉटेलांची मतं ते अजून सांगतात, पण मध्येच सोडून देतात. घरातल्या पलंगावर ते भिंतीकडच्या कडेला झोपतात, असं बेबी म्हणते. मध्यभाग रिकामाच राहतो.

ती त्यांना दिवसातून कितीदा तरी विचारते, "अहो, कसं वाटतंय?" ते दर वेळी म्हणतात, "छान." जिना चढून आल्यावर छान. रात्री कूस बदलताना छान. फोनवर विचारलं तरी छान. आवाजात कुठे कंप नाही, श्वास कुठे तुटत नाही.

परवा मी निघालो, तेव्हा बेबी दारापर्यंत आली आणि दार अर्धं ओढून घेऊन कुजबुजली, "मामा, तू आयुष्यभर सोंगं आणलीस. दुसऱ्याची ओळखलीसही असशील. एकदा आत जाऊन बघ ना रे. हे छान म्हणतात, ते खरं की मला सांगायचं म्हणून? मला कळेनासं झालंय. मी झोपत नाही. श्वास ऐकत बसते."

मी पुन्हा आत गेलो. चष्मा विसरल्याचं निमित्त केलं. जावईबापू खुर्चीत बसून पायमोजे काढत होते.

"काय जावईबापू, दमलात का?"

"छे हो मामा. छान आहे." ते माझ्याकडे बघून हसले. चांगलं, मोकळं हसू. एक हात मांडीवर, दुसऱ्यात मोजा. कपाळ कोरडं. मी त्यांचे डोळे पाहिले, ओठांचे कोपरे पाहिले, खांदे पाहिले. समोरचा नट खोटा पडतो तेव्हा कुठे पडतो, ते मला माहीत आहे. मी तिथे तिथे पाहिलं.

बाहेर आलो. बेबी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती.

"बेबी," मी म्हटलं, "मला नाही गं ओळखता येत."

तिने मान हलवली.

"मग उद्या पुन्हा ये," ती म्हणाली.