हाताचं म्हणणं

हातवारे मास्तर हे नाव त्यांना बांधकामावरच्या पोरांनी ठेवलं होतं. दिवसभर क्रेनखाली उभं राहायचं आणि वर केबिनमध्ये बसलेल्याला भार उचल, फिरव, थांब, सोड हे हाताच्या खुणांनी सांगायचं, ही त्यांची नोकरी. दिवसभर तोंड बंद ठेवल्याचा सूड ते चहाच्या वेळी उगवायचे. एकदा सुरू झाले की समोरच्याचा चहा गार झाला तरी यांचं आटपत नसे. बायको म्हणायची, "कामावर यांचे हात बोलतात, घरी तोंड. माझी मेलीची सुटका कुठेच नाही."

वर केबिनमध्ये बसायची ती क्रेनवाली. तिशी ओलांडलेली, अंगाने एवढीशी. सकाळी डबा खांद्याला अडकवून ती शिडी चढू लागली की मास्तर मान मागे टाकून बघत राहायचे. बघता बघता बाई ठिपक्याएवढी व्हायची, आणि मग तो ठिपका अख्खा लोखंडी जिना उचलून असा अलगद खाली ठेवायचा की जमिनीवरची धूळ हलायची नाही. इतकी वर्षं झाली, तरी मास्तरांना याची सवय काही झाली नव्हती. "देवाशपथ सांगतो, दर वेळी छाती भरून येते," असं ते चहावर सांगायचे आणि पोरं एकमेकांना डोळे मारायची.

मास्तरांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र नव्हती. त्याची गोष्ट अशी. एकदा भाराचा पट्टा झिजलेला दिसला म्हणून मास्तरांनी पंजा उघडून 'थांब'ची खूण केली. क्रेनवाली थांबलीसुद्धा. पण मुकादमाला घाई. त्याने खालच्या माणसांना भार ओढायला लावला, पट्टा सुटला, आणि बाजूच्या पोराला वाचवायला ढकलताना मास्तरांचा हात लोखंडाखाली सापडला.

चौकशी झाली. मुकादम बेधडक म्हणाला, मास्तरांनी 'थांब' म्हटलंच नाही, 'खाली घे'ची खूण केली. ते पोर भेदरून गप्प बसलं. राहिली क्रेनवाली. कंपनीच्या वकिलाने तिला एकच प्रश्न विचारला.

"त्या वेळी तुम्हाला यांचा चेहरा दिसत होता का?"

"चेहरा नाही साहेब, पण हात..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"नाही."

"बसा."

ती बसली. दोष मास्तरांचा ठरला. नोकरीवर राहू दिलं हेच उपकार, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली आणि विषय संपवला. तिच्या लेखी तो संपला नव्हता.

मास्तर बरे होऊन कामावर आले, तेव्हा त्यांना एकच भीती होती, या अर्ध्या हाताची खूण वर कळेल का. तर ही बाई आपणहून शिडी उतरून त्यांच्या समोर येऊन बसली. स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं दुमडली आणि म्हणाली, "काका, आता तुमचा हात असा बोलणार. मला शिकवा." मग दोघं समोरासमोर बसून हात हलवत राहिले. उचल, खाली, फिरव, थांब. मास्तरांना वाटलं, आपण काय हिला शिकवणार, आपणच हिच्यापुढे विद्यार्थी आहोत. त्या दिवशी पोरांना चहा गरम प्यायला मिळाला.

त्याच आठवड्यात तिने लॉ कॉलेजांचे अर्ज भरायला घेतले. तिची आई म्हणाली, "एवढ्या उंचावर बसतेस, आणखी कुठे चढायचंय?" मास्तरांनीही विचारलं, या वयात हे काय काढलंस.

"त्या दिवशी मी 'पण हात' एवढंच म्हटलं ना काका? मला ते वाक्य पुरं करायचंय. कुठल्या वेळी, कुणापुढे, कसं पुरं करतात ते शिकायचंय."

अर्ज गेले आणि वाट बघणं सुरू झालं. केबिनमध्ये फोन न्यायला बंदी, त्यामुळे तिचा फोन दिवसभर मास्तरांच्या खिशात. दोन कॉलेजांचे नकार त्यांनीच आधी वाचले. ती खाली आल्यावर सांगितलं. तिने मान हलवली आणि डबा खाल्ला. मास्तरांचा डबा मात्र तसाच घरी परत गेला.

आता एकच कॉलेज उरलं होतं.

"काका, या वेळी मी खाली येईपर्यंत थांबू नका," ती म्हणाली. "वरून तुमचा हात खिशात गेलेला दिसतो. फोन बाहेर काढलात की मला लगेच कळतं. होकार असो, नकार असो, खूण करा."

"अगं, आमच्याकडे तशी खूण नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, थांब, काम संपलं. यात लॉ कॉलेज कुठे बसवू?"

"बसवा कुठेतरी."

मास्तर पेचात पडले. जन्मात त्यांनी कामाशिवाय एक बोट हलवलं नव्हतं. घरी आरशासमोर उभं राहून ते नाना तऱ्हेने हात हलवून बघू लागले. बायकोने विचारलं, "नाचायला बोलावलंय का कुणी?"

मेल आली तेव्हा लोखंडी तुळई हवेत होती. वरच्या मजल्यावर दोघं ती धरायला हात पसरून उभे होते. खिशात फोन थरथरला. मास्तरांचा हात थरथरला नाही. थोडी डावीकडे, हळू, खाली, अजून खाली. तुळई बसली, बोल्ट आवळले, पट्टा सोडला. मगच त्यांनी 'थांब' दिलं आणि चष्मा चढवून फोन बाहेर काढला.

'आपली निवड झाली आहे, हे कळवताना आम्हाला आनंद होत आहे.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. पहिला विचार आला की आता वर कोण बसणार, आणि त्या विचाराची त्यांना लाज वाटली. त्यांनी वर पाहिलं. आरशासमोरची सगळी तयारी पार उडून गेली होती. हात आपोआप वर गेला आणि बोट गोल फिरू लागलं. 'उचल.'

क्रेनचा आकडा रिकामा होता. उचलायला काही नव्हतं. तरी तो वर जाऊ लागला, कारण खूण मास्तरांची होती.

"मास्तर, रिकामा आकडा कुठे नेताय?" मुकादम ओरडला.

मास्तरांनी लक्ष दिलं नाही. आकडा पार टोकाला जाईपर्यंत बोट फिरत राहिलं. मग त्यांनी दोन्ही हात छातीशी आणून एकात एक गुंफले. 'काम संपलं.' अपुऱ्या बोटांमुळे ते नीट गुंफले गेले नाहीत. भर सकाळी ही खूण बघून पोरं चकित झाली.

मग केबिनच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. क्रेन चालवणारा कधी खूण करत नाही, पण हा हात करत होता. पंजा उघडा, समोर धरलेला. शेवटची दोन बोटं दुमडलेली आहेत हे इतक्या खालून दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. मास्तरांना दिसलं, आणि ते उभ्या जागी रडू लागले.

मुकादम शेजारी येऊन, डोळ्यांवर हात धरून वर बघत होता.

"ही 'थांब' कुणाला म्हणतेय?"

"तिचा चेहरा दिसतोय तुला?" मास्तरांनी विचारलं.

"एवढ्या लांबून चेहरा कसा दिसेल? हात दिसतोय की चांगला."

मास्तरांनी डोळे पुसले.

"हेच," ते म्हणाले, "एक दिवस ती कोर्टात विचारील, तेव्हा येऊन सांग."