भिवापूरच्या सातऱ्यातली तालीम

आम्ही भिवापूरला राहायचो तेव्हा आई मिरचीच्या सातऱ्यात (लाल मिरचीचे देठ खुडण्याची जागा) कामाला जायची. बाबा नव्हते. संध्याकाळी ती शेजारून मागून आणलेल्या ताकात मिरचीनं जळजळणारे दोन्ही हात बुडवून बसायची आणि भाकरी मी थापायचे. त्याच हातांच्या मजुरीवर मी नागपुरात बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठेही अभिमानानं सांगते.

पुढे मी नाच शिकवू लागले. "नाचून पोट भरते का वं?" असं मामा अजूनही विचारतो. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या वर्गात मदतनीस होते. नाच मी बसवायचा, नाव त्यांचं लागायचं. मग एका हिवाळ्यात पहिल्यांदा माझ्या नावावर काम आलं. नागपुरात बचतगटांचा मेळावा होता आणि त्यात भिवापूरच्या सातऱ्यातल्या आठ बायांचा नाच बसवायचा होता. आयोजकांनी बजावलं होतं, जमला नाही तर दुसऱ्या बाईंचा नाच घेऊ.

तेव्हा आई आणि मी नागपुरातच प्रतापनगरात राहायचो; तिथून सकाळीच निघाले. उमरेडच्या स्टँडवर पोह्यांवर तर्री (झणझणीत रस्सा) घेतली आणि पुढची एसटी पकडली. भिवापूर आधी नजरेला लाल दिसतं, मग नाकाला कळतं. सातऱ्यात शिरले आणि शिंकांवर शिंका सुरू झाल्या. कितीतरी वर्षांनी आले होते, सवय मोडली होती.

"मॅडमचा डान्स तं सुरूबी झाला," गटप्रमुख पुष्पाबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

दुपारच्या सुट्टीत मिरचीचे ढीग बाजूला सारून तालीम सुरू झाली. पाय सगळ्यांचे पक्के. पण एका जागी दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून लाजायचं होतं, तिथे आठही जणींचे हात चेहऱ्यापासून वीतभर अलीकडे थांबायचे. मला वाटलं, लाजतात. मी जरा रागानंच म्हटलं, "अर्धवट नको. तळवे चेहऱ्याला लागू द्या."

पुष्पाबाईंनी माझं ऐकलं. पुढच्या क्षणी त्या डोळे मिटून खाली बसल्या. कोणी तांब्या आणला, कोणी पदरानं वारा घातला.

"काहून वं मॅडम, मिरचीच्या हातानं डोळे पेटवून राहिल्या का आमचे?" एक जण बोलली.

मला तोंड वर करवेना. "चुकलं माझं," म्हटलं. "माझी आई इथंच देठ खुडायची. शांताबाई."

डोळ्यांतून पाणी गळत असताना पुष्पाबाईंनी मान वर केली. "शांताची पोरगी तू? मंग तुले तं ठाऊक पाह्यजे. लेकराचं तोंड कसं पुसत होती ते?"

त्यांनी मनगट वळवलं आणि त्याची मागची बाजू माझ्या गालावरून फिरवली. आई मला नेहमी असंच कुरवाळायची. मी ते साफ विसरले होते.

मग भाकर, झुणका आणि त्यांचे टोमणे खाल्ले. जेवणानंतर लाजणं बदललं. तळव्यांऐवजी मनगटाची पाठ चेहऱ्यावरून सावकाश खाली. आठही जणींना एका दमात जमलं. पुष्पाबाईंचे डोळे लालच होते, पण त्या थांबल्या नाहीत.

परतीच्या एसटीत मला माझीच लाज वाटली. कॉलेजात शिकले ते सगळं ध्यानात राहिलं होतं आणि आईचा हात विसरले होते. घरी येऊन आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पुष्पीच्या डोळ्याले आराम पडला का?" त्यानंतर मी आणखी पाच वेळा भिवापूरला गेले.

मेळाव्यात आई दुसऱ्या रांगेत बसली होती. आठ मनगटं एकदम चेहऱ्यावर गेली, तेव्हा मांडीवर ठेवलेला तिचा हात आपोआप वळला. नाच संपल्यावर निवेदकानं नृत्यदिग्दर्शनासाठी माझं नाव घेतलं, मी लिहून दिलं होतं तसं, मध्ये आईचं नाव लावून.

त्या नाचावरून मला पुढची कामं मिळाली. आज प्रतापनगरात माझा स्वतःचा नृत्यवर्ग आहे, आणि मी बसवलेल्या नाचाला माझंच नाव लागतं.