प्रमुख पाहुण्याच्या खुर्चीत

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या मराठी मंडळात दिवाळीला नाटक व्हायचं आणि नाटकाआधी सत्कार. नाटकासाठी लोक यायचे, सत्कारासाठी अध्यक्ष.

नव्या शतकाची चार-पाच वर्षं उलटली असतील. त्या दिवाळीला मी जर्मनीच्या बव्हेरियातलं एक गावरान नाटक मराठीत आणलं. तिथे खेड्यांतली हौशी मंडळी खानावळीच्या मागच्या खोलीत असली नाटकं करतात. श्रीमंत शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याचा गडी कपड्यांची अदलाबदल करतात, शेजारची मुलगी गडी समजून मुलाच्याच प्रेमात पडते, आणि तिच्या बापाला शेवटच्या अंकापर्यंत पत्ता नसतो. मी गाव कोल्हापूरकडे हलवलं आणि बियरच्या जागी ताक घातलं. बाप होता तसाच चालून गेला.

नाटक सुचवलं होतं नायिकेचं काम करणाऱ्या मुलीनं. ती इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. तिच्या लॅबमधल्या एका बव्हेरियन मुलाला ते तोंडपाठ होतं. त्या दोघांना लग्न करायचं होतं, हे मला माहीत होतं. साताऱ्याहून आलेल्या तिच्या वडिलांना नव्हतं. नाटक संपल्यावर, बाबा खुशीत असताना, ती ओळख करून देणार होती.

"आणि नाही म्हणाले तर?" मी विचारलं.

"तर नाही करणार. त्यालाही सांगून ठेवलंय."

मुलगा आला तो ठेवणीतला कोट घालून. हिरवी कॉलर, शिंगाची बटणं. प्रमुख पाहुणे म्हणून खेमेंटेतून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, कोणी अधिकारी येणार होते. अध्यक्षांनी ती बटणं पाहिली आणि मुलाला हाताला धरून थेट रंगमंचावर नेऊन बसवलं. खऱ्या अधिकारी बाई सायकलवरून आल्या होत्या. रेनकोट खुंटीला लावून त्या शेवटच्या रांगेत चिवडा खात बसल्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

मंडळाच्या प्रथेप्रमाणे सत्कार सभागृहातल्या सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांच्या हस्ते. ते निघाले मुलीचे वडील. त्यांनी पाहुण्यांना शाल घातली, हातात नारळ दिला.

आता, त्या मुलाला तिनं आपल्या चालीरीती शिकवल्या होत्या. लग्न ठरलं की मुलीचे वडील जावयाला वस्त्र आणि नारळ देतात, हेही. त्याचे डोळे भरून आले. त्यानं माइक घेतला आणि पाठ केलेलं वाक्य स्वच्छ म्हटलं, "बाबा, तुमच्या मुलीला मी सुखात ठेवीन."

सगळ्यांत आधी अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. गोरा माणूस मराठीत बोलला की ते अर्थाकडे लक्ष देत नसत.

"कुणाच्या मुलीला?" वडील म्हणाले. माइक चालूच होता.

विंगेतून नऊवारीतली नायिका बाहेर आली. "माझ्याबद्दल बोलतोय तो, बाबा."

वडिलांनी दोघांकडे पाहिलं. "लोक खोळंबलेत. आधी नाटक कर."

ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. अध्यक्षांनी मुलालाही त्यांच्याच शेजारी बसवलं. त्यांच्या लेखी तो अजून खेमेंटेचाच होता. मुलगा प्रत्येक विनोदाला, विनोद व्हायच्या आधीच हसत होता. पहिला अंकभर वडील समोर बघत राहिले. दुसऱ्या अंकात त्यांनी त्याला कोपरानं ढोसलं.

"नाऊ व्हॉट?"

"नाऊ फादर शाउट्स, सर."

"अँड देन?"

"देन ही इज थर्स्टी."

वडील हसले नाहीत, पण पुढच्या प्रवेशालाही त्यांनी ढोसलं.

जेवणाच्या वेळी मुलगी रंग न पुसताच त्यांच्यासमोर उभी राहिली. आपल्याकडे नकार द्यायचा असला की माणूस "कळवतो" म्हणतो आणि विषय संपतो. त्या शब्दाचीच मी वाट पाहत होतो. वडील मसालेभात कालवत मुलाला विचारत होते: घरी कोण कोण? शेती की गुरं? गुरं असतील तर दूध कोण काढतं? मुलगी मधेमधे दुभाष्याचं काम करत होती.

"याच्या आईला फोन लाव," वडील म्हणाले.

"बाबा, त्यांना इंग्रजी येत नाही."

"मला तरी कुठे येतं? लाव तू."