मेल्यानंतरचं हसू

पंढरीनं आजवर इतक्या वेळा मरून दाखवलं होतं, की कल्याण पूर्वेला त्याच्या आळीत लोक त्याला "आज कुठं मेलास?" असंच विचारायचे. टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांमध्ये मढं व्हायचं, हे त्याचं काम. झुडपात, गोणीत, गाडीच्या डिकीत, खाडीकाठच्या चिखलात, जिथं सांगतील तिथं तो निमूटपणे मरायचा. पण तोंड कधी दिसलं नाही. कधी पालथा, कधी चादरीखाली, कधी नुसते तळपाय. हे पंढरीला आतून लागायचं. एवढं मरून माणसाचं तोंड कुणाला माहीत नसावं, म्हणजे काय?

या धंद्यात एक रीत आहे. मेलेल्याचा शॉट झाला की कॅमेरा लगेच बंद करत नाहीत. तसाच त्याच्या तोंडाशी नेतात आणि तो मनुष्य कॅमेऱ्याकडे बघून हसतो. तेवढा तुकडा नंतर कापून टाकतात. मेलेला जिवंत झाला, अपशकुन टळला. पंढरीची आई रंगूबाई हिनं तर याच अटीवर त्याला हे काम करू दिलेलं. "मरायचंय तर मर, पर हासल्याबिगर उठायचं न्हाई," असं तिनं बजावलं होतं. तो घरी आला की उंबऱ्याबाहेरच थांबवायची. "हासलास ना रं?" तो हो म्हणाला, की त्याच्या पायांवर पाणी घालून मग आत घ्यायची. कॅमेरा तोंडाशी आला की हसायचं, हे त्यामुळं पंढरीच्या अगदी अंगवळणी पडलेलं. दुसऱ्या कशासाठी कॅमेरा त्याच्या तोंडाशी कधी आलाच नव्हता.

आणि मग ठाण्याच्या सम्यक नावाच्या पोरगेल्या दिग्दर्शकानं त्याला खऱ्या सिनेमात घेतलं. पहिल्याच प्रसंगात, तोंडासकट.

कोपरीतल्या एका चाळीची खोली भाड्यानं घेतली होती. सम्यकनं पंढरीला कॉटशेजारी जमिनीवर आडवं केलं आणि सगळं समजावून सांगितलं. "पंढरीकाका, आपण काही दाखवायचंच नाही, फक्त लांबवायचं. संगीत नाही, मध्ये कट नाही. अर्धवट उघडं दार, कॅमेरा जमिनीलगत आत येतो. गॅसवर दूध तापतंय. अर्धी चिरलेली भेंडी, विळी. तुमच्या खिशात फोन वाजतोय, तो आपण फक्त ऐकतो. बाहेरून शेजारीण हाक मारतेय, तिला काहीच माहीत नाही. दूध वर येतंय. कॅमेरा हळूच कॉटला वळसा घालतो, आणि तुमचे उघडे डोळे. शेजारणीच्या आधी प्रेक्षकाला कळलं पाहिजे. मग ती आत येईपर्यंत त्याला तुमच्या तोंडासमोर बसवून ठेवायचं. काका, सगळा सिनेमा तुमच्या तोंडावर उभा आहे."

असं काही ऐकल्यावर माणूस मरेल नाही तर काय करील! पंढरी मन लावून मेला. दूध वर आलं, फोन वाजला, शेजारणीचं काम करणाऱ्या रसिकानं गॅलरीतून हाक मारली, कॅमेरा कॉटला वळसा घालून तोंडाशी आला आणि पंढरी हसला. चांगला दात दाखवून हसला.

सगळी खोली खदखदून हसली. एकटा सम्यक हसला नाही. दुधाचं पातेलं बदललं, ओटा पुसला, परत सुरुवात झाली. या खेपेला पंढरीनं गाल असे आवळून धरले, की खून झालेल्या माणसाऐवजी दाढ दुखणारा माणूस दिसू लागला. कौलांतल्या काचेतून येणारा उन्हाचा पट्टा त्याच्या कपाळावरून सरकायला लागला होता. तो भिंतीवर गेला की दिवस फुकट जाणार होता.

सम्यक त्याच्याजवळ उकिडवा बसला. "काका, आता शेवटचं. नाही जमलं तर फक्त हात घेऊ. हाताचंही छान दिसेल."

तो गोड बोलला, पण पंढरीला ते लागलं. पुन्हा हात! आयुष्यभर हात आणि पायच. त्याला स्वतःच्याच तोंडाचा राग आला.

कॅमेरा फिरायला लागला. पंढरी डोळे उघडे ठेवून पडला. गॅसची सूंऽ सूंऽ ऐकू येत होती. मग छातीवरच्या खिशात फोन थरथरला, वाजत राहिला, थांबला आणि पुन्हा वाजू लागला. एवढ्या चिकाटीनं कोण करत असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. बाहेरून रसिका म्हणाली, "अहो काका, दूध ठेवलंय का गॅसवर? वास येतोय!" दुधाची साय फुगून वर आल्याची चाहूल त्याला लागली. आता जाणार, आता जाणार. घरातल्या माणसानं उठायला हवं होतं. हात लांब करून बटण फिरवायचं, एवढंच तर काम. आणि उठता येत नव्हतं. दूध चर्र करत ज्वाळेवर सांडलं, करपट वास नाकात शिरला, फोन वाजतच होता, आणि पंढरीला आयुष्यात पहिल्यांदाच आपण मेल्याची भीती वाटली. खरीखुरी, हातपाय गार करणारी. कॅमेरा तोंडाशी येऊन थांबला, तेव्हा हसू त्याच्या आसपासही नव्हतं. डोळ्यांची आग होत होती. गॅलरीतून पावलं आली, दार करकरलं आणि रसिका किंचाळली.

"कट!"

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे अजून पंढरीकडंच बघत होते. मग सम्यक एकदम ओरडला, "ऊन जातंय! कॅमेरा गॅलरीत घ्या, पळा!" आणि उचलाउचल सुरू झाली.

पंढरी पडूनच होता. "अहो साहेब, हसायचं राहिलं," तो म्हणाला.

"नंतर घेऊ, काका. भारी झालं!"

ते नंतर काही आलं नाही. संध्याकाळी रंगूबाईनं उंबऱ्याबाहेर अडवून विचारलं, "हासलास ना रं?" पंढरी हो म्हणाला. आईनं विश्वासानं पायांवर पाणी घातलं, आणि ते पाणी त्याला गार लागलं. त्यानंतर कितीतरी दिवस जिन्यात धाप लागली, छातीत जरा कळ आली, की तो मनातल्या मनात घाबरायचा. शकुन-अपशकुन मानणारा मी नव्हे, असं चारचौघांत सांगणारा हा माणूस!

सिनेमा लागला. कल्याणच्या थिएटरात पंढरी सगळ्या घराला घेऊन गेला. एका बाजूला बायको आणि मुलगी ऐश्वर्या, दुसऱ्या बाजूला आई. दिवे गेले. अर्धवट उघडं दार दिसलं. कुरकुर वाजणारी पॉपकॉर्नची पाकिटं हळूहळू थांबली. दूध वर येऊ लागलं, तसं मागं कुणीतरी "अरे बंद कर ना यार!" असं पुटपुटलं. फोन वाजत राहिला. कॅमेऱ्यानं वळसा घेतला, आणि पडदाभर पंढरीचं तोंड आलं. थिएटर श्वास धरून बसलं. ज्यासाठी जन्मभर जीव टाकला, ते हेच होतं. एवढी माणसं एकाच वेळी त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्याच्या अंगावर काटा आला. आईला कसं वाटतंय, हे बघायला त्यानं मान वळवली.

रंगूबाई पडद्याकडं बघतच नव्हती. ती खुर्चीत पुरती त्याच्याकडं वळून बसली होती, पापणी न हलवता. त्याचं मनगट तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"आई, त्या दिवशी हसायचं राहिलेलं," तो कसाबसा बोलला. "मी खोटं बोललो."

ती रागावली नाही. मनगटावरची बोटं तेवढी अजून आवळली. "मग आत्ता हास," ती म्हणाली. "म्या बगतीय."

पडद्यावर शेजारीण किंचाळली, सगळं थिएटर दचकलं, आणि पंढरी आईकडं बघून हसला. हसता हसता त्याला रडू आलं. तरी तो हसत राहिला, कारण ती अजून बघत होती.